पुस्तकाला दाद कोण देणार?

मुस्लिम मराठी साहित्याविषयी आजवर जी चर्चा झाली, तिच्यात लेखकाबद्दल पुष्कळ बोलले गेले. तो काय लिहितो, कोणत्या भाषेत लिहितो, त्याच्या लेखनाला मुस्लिम मराठी म्हणावे की नुसते मराठी म्हणावे, प्रस्थापित समीक्षेने त्याची दखल का घेतली नाही, हे प्रश्न १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपल्यात चर्चिले जात आहेत. प्रा. फकरुद्दीन बेन्नूर आणि त्यांच्या पिढीतील मंडळींनी या चर्चेला वैचारिक बैठक दिली. लेखकाला व्यासपीठ मिळाले, नाव मिळाले, आपण एकटे नाही हा दिलासा मिळाला. परंतु या साऱ्या खटाटोपात वाचक कुठे आहे, त्याचे काम काय, हा प्रश्न मात्र मागेच राहिला. आम्हाला तो आज महत्त्वाचा वाटतो. कारण आपल्यातील बहुसंख्य पुस्तके आता लेखक स्वतःच्या पैशाने काढतात, आणि अशा पुस्तकाचे बरेवाईट वाचकाच्याच हाती असते.

मोठ्या प्रकाशकाच्या पुस्तकामागे एक यंत्रणा असते. विक्रेत्यांचे जाळे असते, जाहिरात असते, वर्तमानपत्राच्या पुरवणीत परीक्षण छापून आणण्याची ओळख असते. स्वतःच पुस्तक काढणाऱ्या लेखकाजवळ यातले काहीच नसते. तो शिक्षक असतो, एस.टी.त कंडक्टर असतो, कुठे लहानसे दुकान चालवतो. भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढून किंवा घरच्यांची समजूत घालून तो पैसे उभे करतो. छापखान्यातून गठ्ठे येतात आणि पलंगाखाली जातात. प्रकाशन समारंभ होतो, शाल-श्रीफळ होते, भाषणे होतात. नंतर गठ्ठे तसेच राहतात.

हिशेब मांडून पाहू. समजा, एकाने दोनशे रुपये किमतीच्या कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती छापल्या. प्रतीमागे छपाई-बांधणीचा खर्च ऐंशी रुपये धरला, तर चाळीस हजार रुपये गेले. विक्रेत्याला चाळीस टक्के सूट दिली की लेखकाच्या हाती प्रतीमागे एकशेवीस रुपये येतात. म्हणजे घातलेले पैसे परत मिळायला ३३४ प्रती विकल्या गेल्या पाहिजेत. आता यातल्या शंभर प्रती नातेवाईक, मित्र, पाहुणे यांना भेट गेल्या आणि पन्नास अभिप्रायासाठी, स्पर्धांसाठी पाठवल्या, तर उरतात ३५०. त्यांतल्या जवळजवळ सगळ्या खपल्या तरच लेखक बरोबरीला येतो. याच प्रती वाचकांनी थेट लेखकाकडून पूर्ण किमतीला घेतल्या, तर दोनशे प्रतींतच त्याचे पैसे मोकळे होतात आणि दुसऱ्या पुस्तकाचा विचार त्याला करता येतो. दोनशे वाचक ही काही अशक्य संख्या नाही. एका मोठ्या लग्नाच्या दावतीला याहून जास्त माणसे जेवतात.

येथे आपल्या एका सवयीबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. ओळखीच्या लेखकाचे पुस्तक विकत घेणे म्हणजे त्याला परके मानणे, अशी आपल्याकडे एक विचित्र समजूत आहे. ‘अरे, पुस्तक काढलंस म्हणे, आम्हाला दिलं नाहीस!’ ही तक्रार प्रेमापोटी केलेली असते यात शंका नाही. पण हीच माणसे ओळखीच्या शिंप्याला शिलाई देतात, ओळखीच्या हलवायाला मिठाईचे पैसे देतात. शब्दांचीच मजुरी तेवढी का बुडवायची? शिवाय फुकट आलेले पुस्तक वाचलेच जाईल याची खात्री नसते. खिशातून दोनशे रुपये गेले की माणूस निदान चार पाने तरी उलटतो. म्हणून मदतीची पहिली आणि सर्वांत साधी रीत म्हणजे पुस्तक विकत घेणे. लेखकाने भेट म्हणून दिले, तरी दुसरी प्रत पैसे देऊन घ्यावी आणि ती कुणाला तरी द्यावी. ईदी म्हणून, परीक्षा पास झालेल्या पुतणीला, निवृत्त होणाऱ्या सहकाऱ्याला, लग्नात आहेराच्या पाकिटासोबत पुस्तक देता येते.

लेखकाच्या पुस्तकाची चिंता वाचकाने वाहणे ही काही नवी गोष्ट नाही. मिर्झा गालिबचा उर्दू दीवान १८४१ साली दिल्लीत छापला गेला तो सर सय्यद अहमद खान यांच्या भावाच्या छापखान्यात. पुढे १८५७च्या उठावाच्या दिवसांवर त्याने फारसीत ‘दस्तंबू’ लिहिले, तेव्हा दिल्ली उजाड झाली होती आणि त्याची पेन्शन बंद पडली होती. ते पुस्तक १८५८ साली आग्ऱ्यात छापले गेले. छपाईची देखभाल केली ती हरगोपाल तफ्ता, शिवनारायण आराम अशा त्याच्या शिष्यांनी आणि चाहत्यांनी. कागद कसा हवा, बांधणी कशी हवी, कोणता शब्द बदलायचा, हे गालिब दिल्लीहून पत्रांनी कळवत होता आणि ही मंडळी आग्ऱ्यात राबत होती. उर्दू गद्याचा ठेवा मानल्या गेलेल्या त्याच्या पत्रांत या पुस्तकाची व्यावहारिक कटकट जागोजाग आढळते. एवढा मोठा शायर, पण त्याच्या पुस्तकाला माणसांचाच खांदा लागला.

आपल्या मातीतले उदाहरण महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. ‘शेतकऱ्याचा असूड’ त्यांनी १८८३ मध्ये पुरा केला. त्यातील काही भाग ‘दीनबंधू’त आला आणि पुढचा छापण्याचे धाडस झाले नाही. संपूर्ण ग्रंथ पुस्तकरूपाने पाहणे जोतीरावांच्या नशिबी नव्हते. तरीही तो ग्रंथ लोकांपर्यंत पोहोचला, कारण त्यांनी तो मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी लोकांना वाचून दाखवला. ज्यांच्याविषयी लिहिले त्यांच्यासमोर वाचले. बडोद्याला सयाजीराव गायकवाडांनीही तो ऐकला. छापखाना साथ देत नसताना ऐकणाऱ्यांनी तो ग्रंथ जिवंत ठेवला.

त्याहून मागे जायचे तर श्रीगोंद्याचे शेख महंमद आहेत. त्यांचा ‘योगसंग्राम’ आपल्यापर्यंत आला तो कुणा प्रकाशकाच्या कृपेने आलेला नाही. सतराव्या शतकातला हा ग्रंथ हाताने नकलून घेणाऱ्या, मठांत आणि घरांत पोथ्या जपणाऱ्या माणसांमुळे तो टिकला. नक्कल करून घेणे ही त्या काळची खरेदी होती आणि शिफारसही होती. पुढे रा. चिं. ढेरे यांच्यासारख्या अभ्यासकाने ‘मुसलमान मराठी संतकवी’ हे पुस्तक लिहिले, ते या जपणुकीच्या जोरावर.

शेजारच्या दलित साहित्याकडे पाहिले म्हणजे वाचकाची ताकद आणखी स्पष्ट दिसते. धम्मचक्र प्रवर्तन दिनी नागपूरच्या दीक्षाभूमीवर आणि ६ डिसेंबरला मुंबईत चैत्यभूमीवर पुस्तकांची दुकाने ओळीने लागतात. खेड्यापाड्यांतून आलेली, भाकरी बांधून आणलेली माणसे परतताना पुस्तक घेऊन जातात. त्यात मोठे ग्रंथ असतात, तशाच लेखकाने स्वतः छापलेल्या लहान पुस्तिकाही असतात. त्या साहित्याची प्रस्थापितांना दखल घ्यावी लागली, त्यामागे लेखणीचे तेज होते, ‘अस्मितादर्श’सारखे नियतकालिक होते आणि हा विकत घेणारा वाचकही होता. आपल्याकडे उरूस भरतात, इज्तेमे होतात, तेथेही पुस्तके विकली जातात. पण त्या गर्दीत एखाद्या मुस्लिम मराठी कवीचा संग्रह ठेवावा, असे आपल्यापैकी किती जणांच्या मनात येते? संमेलनाच्या मंडपातही पुस्तकांच्या टेबलापेक्षा जेवणाच्या मंडपाकडे गर्दी जास्त असते. हे कुणाला टोचले तरी चालेल.

मात्र खरेदी झाली म्हणजे वाचकाचे काम संपले, असे आम्हाला म्हणायचे नाही. मुशायऱ्याची रीत आपल्याला ठाऊक आहे. चांगला शेर झाला की श्रोता दाद देतो, ‘मुकर्रर’ म्हणून तो पुन्हा म्हणायला लावतो. कच्चा शेर आला तर मैफल गप्प बसते, आणि शायराला त्या शांततेतूनही काय ते कळते. पुस्तक लिहिणाऱ्याला हे सुख नाही. तो लिहितो आणि समोर भिंत असते. पुस्तकाला दाद द्यायची तर ती बोलून किंवा लिहून द्यावी लागते. आणि ती खरी असावी लागते.

येथेच समीक्षेचा प्रश्न येतो. आपल्या पुस्तकांवर बाहेर जे लिहिले जाते ते बहुधा ठरावीक वळणाचे असते. ‘मुस्लिम समाजजीवनाचे दर्शन घडवणारे पुस्तक’, ‘मराठीला अपरिचित असलेले अनुभवविश्व’, एवढे म्हटले की परीक्षण आटोपते. पुस्तक म्हणजे जणू एखाद्या बंद मोहल्ल्याची सहल. त्यातली रचना, भाषा, व्यक्तिरेखा यांची तपासणी होतच नाही. आणि आपल्यातले परीक्षण? ते बहुधा दुसऱ्या टोकाचे असते. लेखक आपला, तेव्हा त्याची प्रत्येक ओळ अप्रतिम. या दोन्ही प्रकारांनी पुस्तकाचे नुकसान होते. पहिल्यात त्याला साहित्य म्हणून वाचले जात नाही, दुसऱ्यात त्याला वाचलेलेच नसते.

या बाबतीत मुस्लिम मराठी वाचकाजवळ असे काही आहे, जे बाहेरच्या समीक्षकाजवळ नाही. महाराष्ट्रातील मुसलमान एकाच बोलीत बोलत नाही. रत्नागिरीच्या खाडीकाठचे घर कोकणी बोलते. सोलापूर-लातूरकडे दखनी चालते. मालेगावच्या यंत्रमागावरचा कारागीर उत्तरेतून आलेल्या विणकरांची उर्दू बोलतो. पश्चिम महाराष्ट्रातल्या खेड्यात पिढ्यान्‌पिढ्या पाटलाच्या शेजारी राहिलेला मुलाणी गावचीच मराठी बोलतो. आता एखाद्या कादंबरीत चिपळूणकडची म्हातारी लखनवी उर्दूत आर्जवे करू लागली, तर ती चूक कोण पकडणार? मराठीतला नामवंत समीक्षक ती वाचून कदाचित खूशही होईल, कारण त्याला मुसलमान असाच बोलताना सिनेमात दिसला आहे. खोट ओळखणार तो आपला वाचक. तसेच जेथे बोली अचूक उतरली आहे, ‘खाला’ आणि ‘फुफी’ या दोन नात्यांतला फरक संवादाच्या सुरातूनच कळतो आहे, तेथे ‘हे जमले आहे’ असे अधिकाराने सांगू शकणाराही तोच. हमीद दलवाई यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचे मतभेद आहेत आणि राहतील. पण १९६५ सालच्या ‘इंधन’मधला कोकणातला गाव खरा आहे की नाही, याचा निवाडा त्या मतभेदांवर होऊ शकत नाही. तो गाव जाणणाऱ्या माणसाने कादंबरी वाचूनच तो करावा लागतो.

म्हणून वाचकाने लिहावे. त्यासाठी समीक्षेची परिभाषा अवगत असण्याची गरज नाही. पुस्तकाचे नाव, लेखकाचे नाव, ते कुठे मिळेल, त्यातली कोणती कथा मनात राहिली आणि का, कुठे कंटाळा आला, कुठे लेखक घाईत वाटला, एवढे एका पानात लिहिता येते. ते स्थानिक वर्तमानपत्राच्या वाचकपत्रांत जाऊ शकते, मासिकाला पाठवता येते, ऑनलाइन पुस्तकविक्री होते तेथे अभिप्राय म्हणून टाकता येते. ‘छान आहे, जरूर वाचा’ या चार शब्दांनी कुणी पुस्तक घेत नाही. ‘तिसरी कथा वाचा, तलाक झालेली बाई शिलाई मशीनचा हप्ता कसा फेडते ते त्यात आहे’ असे सांगितले की ऐकणाऱ्याला पुस्तक डोळ्यांसमोर दिसते. नेमकेपणा ही सर्वांत चांगली जाहिरात आहे.

याच संदर्भात एक नाजूक गोष्ट बोलायची आहे. आपल्या काही लेखकांनी, विशेषतः लेखिकांनी, घरातल्या गोष्टी लिहिल्या आहेत. तोंडी तलाक, मुलींचे अर्धवट सुटलेले शिक्षण, अश्राफ-अजलाफ असा जन्मावर ठरणारा दर्जा, बिरादरीबाहेरच्या सोयरिकीला होणारा विरोध, हे त्यात येते. अशा पुस्तकाला दोन तऱ्हांनी मारले जाते. एक, ‘आधीच समाजावर बोटे दाखवली जात असताना आपली धुणी चव्हाट्यावर का धुता?’ असे म्हणून. आणि दुसरे, बाहेरच्यांनी त्यातला सोयीचा तेवढा परिच्छेद उचलून समाजाविरुद्ध वापरून. लेखिका या दोहोंच्या मध्ये एकटी उभी असते. पहिल्या आक्षेपामागची भीती खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. आजच्या वातावरणात ती खरीच आहे. परंतु त्यावर पुस्तक दडपणे हा उपाय होऊ शकत नाही. पूर्ण पुस्तक वाचलेले, त्याचा सगळा संदर्भ सांगू शकणारे शंभर वाचक समाजातच असतील, तर एक परिच्छेद उचलणाऱ्याला उत्तर देता येते. वाचकच नसले तर त्या परिच्छेदाचेच राज्य होते. मतभेद असेल तर तो जरूर मांडावा, कडक शब्दांत मांडावा. मात्र पुस्तक वाचून मांडावा. न वाचता गप्प राहणे हे लेखिकेला विरोधापेक्षाही जड जाते.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेणारी ग्रंथालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. तालुक्याच्या गावी एखादे तरी असतेच. तेथे सभासद होऊन पुस्तकाची लेखी मागणी करता येते. एका वाचकाने मागणी केली तर ग्रंथपाल विसरू शकतो, पाच जणांनी केली तर त्याला यादीत घ्यावेच लागते. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी काढते. तिच्यासाठी पुस्तक पाठवायचे असते हेच अनेक लेखकांना ठाऊक नसते. जाणत्या वाचकाने ते सांगावे, अर्ज भरून द्यावा. पुस्तक ग्रंथालयात आले की ते कोणत्या कपाटात गेले तेही पाहावे. कादंबरी धर्माच्या कपाटात पडली असेल तर ती हलवायला लावावी. लेखकाचे आडनाव शेख असले म्हणून पुस्तक दीनियातचे होत नाही.

आयएसबीएन क्रमांक आपल्या देशात विनामूल्य मिळतो. १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि मुंबईसह इतर ठरलेल्या ग्रंथालयांत एकेक प्रत पाठवायची असते. स्वतः पुस्तक काढणारा लेखकही येथे प्रकाशकच ठरतो. टपालाने प्रत पाठवली म्हणजे पन्नास वर्षांनी कुणा संशोधकाला आपले पुस्तक सापडण्याची सोय होते. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे. तिची माहिती होतकरू मुलामुलींपर्यंत नेणे हेही वाचकाचेच काम समजावे. पुस्तके टपालाने मागवणाऱ्यांना २०२४च्या डिसेंबरात मोठा फटका बसला. रजिस्टर्ड बुक पोस्टाची स्वस्त सेवा तेव्हा बंद झाली. मे २०२५मध्ये टपाल खात्याने ‘ज्ञान पोस्ट’ आणली. सुरुवातीला तिचा दर ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये असा होता, कर वेगळा. पातळ कवितासंग्रह पहिल्या टप्प्यात बसतो. पाच-दहा वाचकांनी मिळून एकत्र मागणी नोंदवली तर प्रतीमागे खर्च आणखी उतरतो.

एका गोष्टीपासून मात्र दूर राहावे. पुस्तकाची पाने मोबाइलवर टिपून त्यांची फाइल गटागटांतून फिरवणे म्हणजे प्रसार नव्हे. एखादी कविता लेखकाच्या नावासह आणि पत्त्यासह पाठवणे वेगळे, सगळे पुस्तक वाटून टाकणे वेगळे. पहिल्याने ग्राहक मिळतो, दुसऱ्याने तो कायमचा जातो.

ज्यांना मराठी वाचता येत नाही, अशा आपल्याच माणसांचाही विचार व्हावा. आपल्या घरांत उर्दू माध्यमात शिकलेली आई आणि मराठी माध्यमात शिकलेली मुलगी एका छताखाली राहतात. मुलीने आईला एक कथा वाचून दाखवली तर कुठल्याही संस्थेच्या मदतीशिवाय तो अनुवादच होतो. बचत गटाच्या बैठकीत हिशेब झाल्यावर दहा मिनिटे वाचन होऊ शकते. रमजानमध्ये तरावीहनंतर किंवा सुट्टीच्या दुपारी चार जण एकत्र बसू शकतात. जोतीरावांनी हेच केले होते. मल्लिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे १९८४चे आत्मकथन २०१६ साली जेरी पिंटो यांच्या अनुवादामुळे इंग्रजीत गेले. अनुवादक हाही आधी कुणीतरी वाचकच असतो. आपल्यात दोन-तीन भाषा सहज हाताळणारी माणसे पुष्कळ आहेत. एका कथेचा उर्दू किंवा हिंदी अनुवाद करून, लेखकाची परवानगी घेऊन, एखाद्या मासिकाला पाठवणे त्यांना जड नाही. महाविद्यालयात शिकवणाऱ्यांनी विद्यार्थ्याला प्रकल्पासाठी अशी पुस्तके सुचवावीत. एका प्रबंधाच्या यादीत पुस्तक आले की पुढच्या दहा अभ्यासकांना ते दिसते.

लेखकांनाही एक शब्द सांगावासा वाटतो. वाचकाने पैसे मोजावेत अशी अपेक्षा असेल, तर पुस्तक मुद्रितशोधन करून, नीट संपादून काढले पाहिजे. प्रत्येक पानावर अशुद्धे असतील, प्रस्तावना तीन आणि कविता तीस असतील, तर वाचकाने आपलेपणाच्या नावाखाली ते चालवून घेऊ नये. आपलेपणाने खपलेल्या निकृष्ट पुस्तकामुळे पुढच्या चांगल्या पुस्तकाचा ग्राहक जातो.

या वर्षी प्रत्येक वाचकाने एवढे तरी ठरवावे: स्वतःच्या जिल्ह्यातल्या एका मुस्लिम मराठी लेखकाचे पुस्तक पैसे देऊन घ्यायचे, ते पुरे वाचायचे, त्यावर एक पानभर खरे मत लिहून लेखकाला आणि एखाद्या नियतकालिकाला पाठवायचे, आणि जवळच्या ग्रंथालयात त्याची लेखी मागणी करायची. आवडले तर ‘मुकर्रर’ म्हणायचे. पुस्तकाच्या बाबतीत मुकर्ररचा अर्थ दुसरी आवृत्ती असा होतो. नाही आवडले तर तेही लेखकाला कळवायचे. पलंगाखालचे गठ्ठे हलतील, आणि पुढचे पुस्तक लिहिताना लेखकाच्या समोर भिंत असणार नाही, माणूस असेल.